रबरी पालीची शाबासकी

“मिस्टर वर्लिन, मासा कशावर पकडला, ते तुम्ही आयुष्यात एकदा तरी कुणाला खरं सांगितलंय का हो?”

रेलिननं हे विचारलं आणि तळ्याकाठच्या मिस अर्लीनच्या दुकानाबाहेरच्या बाकावर सगळ्यांच्या माना वळल्या. कॉफीचे कप ओठांपाशी थांबले. खरं तर हा प्रश्न तिच्या डोक्यातला नव्हताच. शाळेच्या मासेमारी संघातल्या जोलीनं आणि बाकीच्या पोरींनी तिला चढवलं होतं. “हिंमत असेल तर म्हाताऱ्याला विचार,” म्हणे. आणि रेलिन आताशा कुठल्याही पैजेला नाही म्हणत नव्हती. आदल्या वर्षापर्यंत गाडीमागे जोडलेली बोटीची ट्रॉली उलटी चालवून पाण्यात न्यायची म्हटलं की ती रडकुंडीला यायची. आता आरशात बघत एका दमात नेत होती. असं एखादं काम जमलं ना, की माणसाला वाटतं, आता आपल्याला सगळंच जमणार.

आमच्याकडे, टेनेसीच्या डोंगरांतल्या पायनी फोर्कच्या तळ्यावर, हा प्रश्न विचारतात सगळेच. पण खऱ्या उत्तराची अपेक्षा कुणी ठेवत नाही. मासा केवढा होता ते सांगतील, दोन बोटं जास्तच सांगतील. कशावर पकडला म्हटलं, की कुणी म्हणतं मक्याचा दाणा, कुणी म्हणतं पावाचा तुकडा. त्याला कुणी खोटं म्हणत नाही, रीत म्हणतात. मिस्टर वर्लिनचं उत्तर ठरलेलं असायचं: “गांडूळ.” त्यांनी कित्येक वर्षांत गांडुळाला हात लावलेला नाही, हे अख्ख्या धक्क्याला माहीत होतं.

त्या दिवशी मात्र ते गांडूळ म्हणाले नाहीत. रेलिनकडे बघत राहिले. मग म्हणाले, “नाही सांगितलं, पोरी. पण ‘खरं सांगा’ असं म्हणून कुणी विचारलंही नाही.”

आणि त्यांनी शर्टाच्या खिशात हात घालून मला बाहेर काढलं. ओलाच होतो मी.

मित्रांनो, तो मी. मी एक जुना लाकडी मासा आहे. नकली मासा. बास नावाचा खरा मासा फसून मला तोंडात धरतो, आणि माझ्या पोटाखालचे गळ त्याच्या जबड्यात रुततात. एवढंच माझं काम. मी बोटभर लांब आहे, दोन्ही बाजूंनी चपटा आहे आणि लाल आहे. मुळातच लाल असल्यामुळे मी शरमलो तरी कुणाला कळत नाही. ही सोय मला या वसंतात फार उपयोगी पडली. का, ते सांगतो. पण आधी माझा जन्म सांगू द्या, कारण जन्माची गोष्ट सांगताना तरी मला मान वर करता येते.

माझं लाकूड बाल्साचं. इतकं हलकं, की मिस्टर वर्लिन म्हणायचे, “तळहातावर ठेवल्यावर आहे की नाही ते बघावं लागतं.” त्यांनी मला खिशातल्या चाकूनं कोरलं. पोटात शिशाचा एक थेंब बसवला. माझा खालचा ओठ, म्हणजे ज्याच्यामुळे मी पाण्यात खाली बुडी मारतो आणि डुलतो, तो एका बंद पडलेल्या रेडिओच्या आतल्या हिरव्या पाटीतून कापलेला आहे. हसू नका. आमच्या भागातल्या चांगल्या चांगल्या लाकडी माशांचे ओठ असेच रेडिओतून आलेले आहेत.

कोरायचे ते, पण रंगवायच्या ऑपल. ऑपल म्हणजे त्यांच्या पत्नी. वसंताच्या तोंडाशी तळ्यातले झिंगे दगडांखालून बाहेर पडतात आणि त्यांचा रंग विटेसारखा तांबूस होतो. बास तेव्हा त्यांच्यावरच तुटून पडतात. तो तांबूस रंग वर्लिनना कुठल्या डबीत मिळेना. शेवटी ऑपलनी स्वतःची नखं रंगवायची बाटली आणली आणि म्हणाल्या, “बस तिथे. आणि फुंकू नकोस.” खवल्यांची नक्षी त्यांनी पडद्याच्या जाळीतून उठवली. डोळे सगळ्यात शेवटी. टाचणीचं डोकं काळ्या रंगात बुडवून, श्वास रोखून, एका टेकणीत एक डोळा. मग घंगाळात पाणी भरून त्यांनी मला ओढून पाहिलं. मी डावीउजवीकडे असा डुललो, की ऑपल म्हणाल्या, “हा तर चर्चमध्ये उशिरा आलेल्या माणसासारखा चालतो.”

माझी कामाची वर्षं चांगली गेली. मला पहिल्यापासून एकच धडा मिळाला, तो तुम्हालाही सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं. वसंत म्हणजे एक ऋतू नव्हे. मासेमाराच्या लेखी त्याचे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं आमिष लागतं. पाणी अजून गार असतं, बास सुस्त असतात आणि उतरत्या खडकांच्या कडेनं रेंगाळत असतात, तेव्हा माझी पाळी. मला सावकाश ओढायचं. दगडाला टक्कर द्यायची, क्षणभर थांबायचं. बहुतेक मासे त्या थांबण्यातच लागतात. पाणी गढूळ असेल तर चमकत्या पात्यांचं, भडक रंगाचं आमिष. आणि पाणी उबदार झालं, की बास खडक सोडून उथळ खाचांमध्ये अंडी घालायला जातात. तिथे माझ्यासारख्यानं जाऊन काही उपयोग नाही. तिथे मऊ रबरी पाल लागते. ती तळावरून सरपटत न्यायची. खऱ्या पाली अंडी खातात, म्हणून बास तिला बघताच चवताळतो.

वर्लिनना हे काठावरच्या दोन फुलझाडांवरून कळायचं: आधी जांभळा फुलणारा रेडबड आणि मागाहून पांढरा फुलणारा डॉगवूड. “रेडबड जांभळा आहे तोवर हा,” ते म्हणायचे. “डॉगवूड पांढरा झाला, की याला झोपू द्यायचं.”

मी मासे धरायचो आणि धक्क्यावर कौतुक गांडुळाचं व्हायचं. मला राग यायचा. मित्रांनो, आता वाटतं, किती सुखाचे दिवस होते ते. केलेल्या कामाचं कौतुक न मिळणं हे दुःख फार हलकं आहे. बाल्साइतकं हलकं. न केलेल्या कामाचं कौतुक मिळालं, की मग कळतं जड म्हणजे काय.

ऑपल गेल्या तेव्हा वर्लिननी मला बुटांच्या खोक्यात ठेवलं. माझ्याबरोबर कोरून झालेले पण न रंगवलेले बरेच भाऊ होते. पांढरे फटक, बिनडोळ्यांचे. आम्ही खोक्यात कितीतरी हिवाळे काढले. वर्लिन तळ्यावर यायचे, बाकावर बसायचे, कॉफी प्यायचे, पण मासेमारीची काठी आणायचे नाहीत. आणि मग यंदा, रेडबडला नुसत्या कळ्या आलेल्या असताना, त्यांनी खोकं उघडलं आणि मलाच उचललं. पहिल्याच सकाळी आम्ही एक दणकट बास धरला. त्याच सकाळी ती मुलगी धिटाईनं समोर येऊन उभी राहिली.

“याच्यावर,” वर्लिन तिला म्हणाले. “आता तू विचारलंसच, तर घेऊन जा.”

“अहो, नको. मी सहज विचारलं. पैज होती.”

“ठाऊक आहे मला. ती तिकडे खिदळताहेत ती माकडं दिसतात मला. घे तू. पण पाणी गार आहे तोवरच हं. डॉगवूड पांढरा झाला की...”

“झोपू द्यायचं,” रेलिन म्हणाली. हे वाक्य बाकावरच्या सगळ्यांना पाठ होतं.

रेलिननं मला टोपीच्या पुढच्या झापेत अडकवलं. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा उजेडात, सगळ्यांच्या समोर, एका मुलीच्या कपाळावर बसून गावात फिरलो. आणि तिनं मला वापरलंही नीट. खडकांच्या कडेनं, सावकाश, थांबत थांबत. गार पाण्यात आम्ही दोघांनी मिळून चांगले मासे धरले. ते आमचे खरे मासे. हे आवर्जून सांगतो, म्हणजे माझी सगळीच अब्रू गेलेली नाही हे तुम्हाला कळेल.

मग आला शाळांच्या स्पर्धेचा दिवस.

एका बोटीत दोन मुलं आणि बोट चालवायला एक मोठं माणूस असा नियम असतो. मोठ्या माणसानं काठीला हात लावायचा नाही. आमच्या बोटीत रेलिन, जोली आणि रेलिनचे डॅडी, लमार. ज्याला स्वतःला मासे धरता येतात त्याला नुसतं बघत बसायला लावणं ही काय शिक्षा असते, ते मी लमारच्या चेहऱ्यावर पाहिलंय. ते हातावर बसायचे. खरंच, अक्षरशः.

किनाऱ्यावर डॉगवूड पांढराशुभ्र फुललेला होता. रेलिननं तरीही सकाळी मला तंगुसाला बांधलं. “एकदा बघू,” म्हणाली. मी खडकाला टकरा देत फिरलो, थांबलो, डुललो. काही नाही. तळ्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तासाभरानं जोली म्हणाली, “ए, तुझं ते लाकूड काढ आता. सरपण म्हणून बरं आहे.”

“त्याला नावं ठेवू नकोस.”

“नावं कुठे ठेवतेय? सरपणच म्हटलं. तिकडे त्या खाचेत चल, आणि ही लाव.” जोलीनं डबीतून एक हिरवट रबरी पाल काढली.

मी टोपीवर परत गेलो. तिथून मी सगळं पाहिलं. उथळ खाच, तळाशी बारीक खडी, पडलेलं एक झाड. रेलिननं पाल त्या झाडापलीकडे टाकली, तळावरून सरपटत आणली, थांबवली. दोरा हळूच बाजूला सरकला. पुढचं विचारू नका. पाणी फुटलं, जोली जाळं घेऊन धावली, लमारनी दोन्ही हात स्वतःच्याच मांडीखाली दाबून धरले, आणि त्या वसंतातला सगळ्यात मोठा बास आमच्या बोटीतल्या पाण्याच्या टाकीत आला. पालीवर. माझा त्यात खवल्याएवढाही वाटा नव्हता. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

धक्का जवळ आला तशी लमारनी मोटर मंद केली. “पाली दोऱ्यावरून कापून काढा. डब्या बंद. आणि ती खाच कुठली, ते झोपेतसुद्धा बोलायचं नाही. विभागीय स्पर्धा याच तळ्यावर आहे.”

“कुणी विचारलं तर?” रेलिननं विचारलं.

“विचारणारच. दुसरं काहीतरी सांग. सगळे सांगतात.”

खरं तर ती मक्याचा दाणा म्हणाली असती तर काहीच झालं नसतं. लोक हसले असते, रीत पार पडली असती. पण रेलिनचं मन मोठं. आणि मोठ्या मनाची मुलगी खोटं बोलायला लागली, की ते खोटंही ती मोठं बोलते. मासे तोलून परत पाण्यात सोडायला नेले. माईकवाल्यानं हसत हसत विचारलं, “मग, मिस रेलिन, कशावर?” तिनं समोर पाहिलं. गर्दीच्या मागे बाकावर वर्लिन बसले होते. तिला वाटलं, पालीचं गुपितही राहील आणि म्हाताऱ्याला मानही मिळेल. एका दगडात दोन पक्षी. तिनं टोपी काढली, मला वर धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“मिस्टर वर्लिननी कोरलेल्या माशावर. आणि डोळे मिसेस ऑपलनी काढलेत.”

टाळ्या पडल्या. माझे फोटो निघाले. मी हवेत लटकत होतो आणि मला पाण्यात बुडावंसं वाटत होतं, पण बाल्साला बुडताही येत नाही. खाली बोटीत एका बंद डबीत ती पाल पडलेली होती. जबड्यात चावून फाटलेली, शेपूट अर्धी तुटलेली. तिचं नाव कुणी घेतलं नाही.

वर्लिन मात्र उठून उभे राहिले होते. त्यांच्या ओठांवरून मी वाचलं. ते म्हणत होते, “डॉगवुडात?”

नेहमीचं खोटं लोक सोडून देतात. पण ज्या खोट्याला नाव असतं, गाव असतं आणि हातात धरलेली वस्तू असते, ते लोक उचलतात. दुसऱ्या दिवसापासून वर्लिनच्या ओसरीपुढे गाड्या थांबायला लागल्या. मला एक द्या, माझ्या पोराला एक द्या. वर्लिननी बुटांचं खोकं बाहेर काढलं. माझ्या बिनडोळ्यांच्या भावांना रंग चढायला लागला. नखांच्या रंगाची बाटली आणायला ते स्वतः दुकानात गेले आणि काउंटरवरच्या मुलीनं “कुणासाठी?” विचारल्यावर लाजले, असं मिस अर्लीन सगळ्यांना सांगत होत्या. “इतक्या वर्षांनी म्हातारा शिट्टी वाजवताना ऐकला,” त्या म्हणाल्या. रेलिन हे ऐकून दिवसभर तरंगत होती. “बघ,” ती जोलीला म्हणाली, “कुणाचं काही वाईट झालं का?”

मी तिच्या कपाळावर बसून गप्प होतो. मला माहीत होतं ना, पाणी उबदार आहे.

लोक ते लाकडी मासे घेऊन तळ्यावर गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. एकही धरला नाही कुणी. वसंताच्या त्या तुकड्यात धरणार कसा? बाकावरची थट्टा सुरू झाली. बाकावरची एकही सकाळ न चुकवणारा एक जाडा गडी, बर्ल नावाचा, कॉफी ढवळत म्हणाला, “वर्लिन, तुझा मासा मी बास माशांना दाखवला. ते म्हणाले, याला चष्मा लागलाय.”

सगळे हसले. वर्लिनही हसले. मग त्यांनी बर्लकडून तो मासा परत मागून घेतला आणि नाकाजवळ धरून त्याचे डोळे बघत बसले.

रेलिन तेवढ्यात तिथे आली. वर्लिन म्हणाले, “पोरी, टोपी दे जरा.”

त्यांनी मला सोडवून तळहातावर घेतलं. किती दिवसांनी मी त्या हातात गेलो होतो. त्यांनी माझ्या ओठाचा कोन नखानं अजमावला, माझ्या शेजारी नव्याला ठेवलं, मला उचललं, त्याला उचललं. मग अगदी हळू, बाकाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, “खरंच याच्यावर लागला?”

मित्रांनो, धक्क्यावरची रीत वेगळी आणि हा प्रश्न वेगळा. हा प्रश्न ज्यानं विचारला, त्यानं तिला एकदा खरं सांगितलेलं होतं. सगळ्या बाकापुढे, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. मी जिवाच्या आकांतानं वाट बघत होतो. बर्ल बघत होता. लमार गाडीजवळ उभे राहून बघत होते.

“हो, सर,” रेलिन म्हणाली. “याच्यावरच.”

“उथळात?”

“हो, सर.”

“मग झाडं बघून मी जे सांगत आलो, ते चुकीचंच होतं म्हणायचं,” वर्लिन म्हणाले. रागानं नाही. “हा चालतो डॉगवुडात. नवे नाही चालत. म्हणजे तेव्हा माझ्या हातात जे होतं, ते आता नाही.” त्यांनी मला परत तिच्या टोपीला लावलं, गळाचं टोक तिला लागणार नाही असं जपून.

रेलिन मान खाली घालून घराकडे निघाली. माझ्या आतला शिशाचा थेंब तेवढा मोठा मोठा होत गेला.

पुढचे काही दिवस ती टोपी घालायचीच नाही. मला उशीखाली ठेवायची, मग टेबलाच्या खणात, मग परत उशीखाली. शाळेत पोरी म्हणाल्या, “तुझा भाग्यवान मासा कुठे गेला?” तर म्हणाली, “झोपलाय.” शेवटी शुक्रवारी शाळेतून येताना ती मला खिशात घालून वर्लिनच्या ओसरीकडे वळली. बहुधा मला परत द्यायला. जणू मला परत दिलं की सगळं मिटेल.

ओसरीवर घंगाळ होतं. त्यात नवे मासे तरंगत होते, सगळे लाल, सगळ्यांचे डोळे थोडे थोडे तिरके. प्रत्येकाचा ओठ घासून, परत घासून, आखूड करून टाकलेला. चांगले होते हो ते. मी त्यांचा भाऊ आहे म्हणून म्हणत नाही. पुढच्या वर्षी गार पाण्यात ते कुणालाही हरले नसते. पण आता ओठ घासून घासून त्यांची चाल गेली होती. खरंच गेली होती. त्या दोन “हो, सर”नी ती घालवली होती.

“ये, ये,” वर्लिन म्हणाले. “बरं झालं आलीस. हा चाकू तुझ्या डॅडींना दे. चांगल्या पोलादाचा आहे, हरणं सोलायला कामी येईल.”

“आणि तुम्ही?”

“मी काय. हे उद्या शेगडीत घालतो. बाल्सा चांगलं पेटतं.” त्यांनी घंगाळातला एक मासा बोटानं ढकलला. तो वाकडा तिकडा गेला. “डोळ्यांपाशी सगळं बिघडतं बघ. ऑपल एका टेकणीत काढायची. मला वाटायचं, रंग म्हणजे काय, वरवरचं काम. धरायचं काम माझं. आता कळलं, धरणारी तीच होती.”

रेलिननं चाकू घेतला. “मी येते, मिस्टर वर्लिन,” ती म्हणाली. “पण उद्या मी येईपर्यंत शेगडी पेटवू नका. प्लीज.”

रस्त्यात ती थांबली. फोन काढून जोलीला सगळं सांगितलं. जोलीनं तिला ज्या शिव्या घातल्या, त्या चर्चला जाणाऱ्या मुलीला येतात हे मला माहीत नव्हतं. मग जोली म्हणाली, “पाल माझी होती, हेही सांग मग. निदान तेवढं तरी.”

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुमच्या घरी जुन्या वस्तू असतील. त्यांची धूळ पुसा, गंज काढा, ते चांगलंच आहे. पण त्यांनी जे काम केलंय त्याचंच त्यांना श्रेय द्या, आणि जे केलं नाही त्याचं देऊ नका. मायेनंसुद्धा देऊ नका. आणि ज्या माणसानं तुम्हाला एकदा खरं सांगितलंय, त्याच्याशी रीत पाळत बसू नका. मी लाकडाचा आहे. मला सांगून टाकता आलं असतं, तर त्या वजनकाट्यापाशीच सांगून टाकलं असतं.

घरी जेवण मांडलेलं होतं. कॉर्नब्रेड, बीन्स आणि परतलेली पालेभाजी. रेलिननं आधी चाकू टेबलावर ठेवला. मग मला, चाकूच्या शेजारी.

“हा वर्लिनचा चाकू ना?” लमारनी विचारलं. “तुझ्याकडे कसा?”

तिनं सांगितलं. शेगडीचं, डोळ्यांचं, घासलेल्या ओठांचं. सांगताना ती कुणाकडेच बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. ममानं हातातला चमचा खाली ठेवला.

“सगळेच तसं बोलतात, बाळ,” लमार म्हणाले. “वर्लिन स्वतः जन्मभर गांडूळ म्हणत आला.”

“गांडूळ ऐकून कुणी आपला चाकू देऊन टाकला नाही, लमार,” ममा म्हणाली.

“मी बोल म्हटलं होतं तिला. दोष मला दे हवं तर. पण विभागीय पुढच्या शनिवारी आहे. ती खाच सांगितली तर तिथे उद्या वीस बोटी लागतील. आणि जोलीचं काय? तिचीही स्पर्धा आहे ती.”

“जोलीला विचारलंय.”

“काय म्हणाली?”

“ते जेवणाच्या टेबलावर सांगता येणार नाही. पण शेवटी हो म्हणाली.”

लमारनी चाकू उचलला, पात्यावरून अंगठा फिरवला, परत ठेवला. मग रेलिन उठून उभी राहिली. 

“डॅडी, ममा, मी ठरवलंय. उद्या सकाळी दुकानात सगळे कॉफीला बसले असतील, तेव्हा मी त्यांच्यासमोर सांगणार आहे. मासा पालीवर लागला, जोलीच्या पालीवर, आणि मी मिस्टर वर्लिनशी दोनदा खोटं बोलले. पण नुसतं सांगून त्यांना पटणार नाही, ते म्हणतील पोरगी माझी समजूत काढतेय. म्हणून डॅडी, बोट मला हवीय. त्यांना बोटीत बसवून मी त्याच खाचेत नेणार. आधी त्यांच्याच हातानं हा लाकडी मासा टाकायला लावणार, काही लागणार नाही. मग पाल टाकायला लावणार. त्यांची झाडं बरोबर होती, हे त्यांच्या हाताला कळलं पाहिजे. वीस बोटी मागे आल्या, तर येऊ देत. तुम्ही चालवणार नसाल, तर बोट मी चालवेन. ट्रॉली मला आता येते.”